वाचकांचे प्रश्न: टँकच्या तळाशी राहणारे मिशीवाले मासे

या अंकात कोरी, सकर आणि त्यांच्या भाऊबंदांविषयीचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. प्रश्न निरनिराळ्या गावांतून आले असले तरी बहुतेकांचे मूळ एकाच ठिकाणी सापडते, ते म्हणजे टँकचा तळ. माशाची विष्ठा, उरलेले खाणे, सडलेली पाने हे सगळे खाली बसते आणि हे मासे चोवीस तास त्यातच नाक खुपसून असतात. वरच्या पाण्यात गप्पी आणि टेट्रा मजेत पोहत असतात, म्हणून आपल्याला पाणी चांगले वाटते. तळाला काय चालले आहे ते मिशांवरून कळते. उत्तरांतली मापे दोन फुटी टँकची (६० × ३० × ३० सें.मी.) आहेत. काठोकाठ भरला तर त्यात ५४ लीटर पाणी मावते. वाळू आणि वरची मोकळी जागा वगळली की हाती ४५ लीटरच्या आसपास राहते.

प्रश्न : दोन फुटी टँकमध्ये पाच ब्राँझ कोरी आहेत. खाली रंगीत खडे आहेत. तीन महिन्यांत सगळ्यांच्या मिशा झिजून बुंध्यापर्यंत आल्या आणि एकाच्या पोटाखाली लाल डाग दिसतो. दुकानदाराने निळे औषध दिले, फरक नाही. खडे टोचत असतील का? (पुणे)

खडे टोचतात हे अर्धेच कारण आहे. धारदार खड्यांवर मिशी खरचटते, पण स्वच्छ पाण्यात तेवढी जखम आठवड्याभरात भरून येते. खड्यांच्या फटींत अडकलेली घाण मात्र ती भरू देत नाही. रंगीत खडे साधारण ५ ते ८ मि.मी.चे असतात. खाण्याचा दाणा दोन खड्यांमधून खाली उतरतो, कोरीचे तोंड तिथवर पोहोचत नाही, दाणा तिथेच सडतो. त्या सडक्या थरात जीवाणूंची भरमार होते आणि मिशी रोज त्यात बुडते. पोटावरचा लाल डागही तिथलाच आहे. कोरी विसावताना पोट तळाला टेकवतो. अंगाच्या दोन्ही बाजूंना हाडांच्या पट्ट्यांचे चिलखत असते, पोटाला मात्र नुसती कातडी.

एक चाचणी आजच करा. सायफनचे (पाणी ओढून काढायच्या नळीचे) तोंड खड्यांत पार काचेपर्यंत खुपसा आणि बादलीत काय येते ते पाहा. चहासारखे तपकिरी पाणी आले, तर निदान झाले. पाणी तपासायचे टेस्ट किट असेल तर अमोनिया आणि नायट्राइट (घाण सडून तयार होणारी विषे) दोन्ही शून्य हवेत आणि नायट्रेट २० मिलिग्रॅम प्रतिलीटरच्या आसपास. किट नसेल तर यापुढचा पहिला खर्च त्यावरच करावा, औषधावर नको.

आता खडे काढून बारीक वाळू घाला. कोरी वाळू तोंडात भरून घेतो, त्यातले खाण्याजोगे ठेवतो आणि उरलेली कल्ल्यांतून बाहेर सोडतो. खड्यांवर त्याला हे करताच येत नाही. अर्ध्या ते एक मि.मी.ची, कडा गोल असलेली सिलिका वाळू घ्यावी. पाणी गाळण्याच्या फिल्टरसाठी विकतात तीच. बांधकामाची वाळू टाळा, तिच्यातला बराच चुरा कोनदार असतो. समुद्रकिनाऱ्यावरची वाळू तर नकोच, कारण शिंपल्यांच्या चुऱ्याने पाणी जड होत राहते. शंका असेल तर चमचाभर वाळूवर व्हिनेगर टाकून बघा, बुडबुडे आले की ती बाद. दोन फुटी टँकला ३ सें.मी. थरासाठी साधारण ८ किलो वाळू लागते. बादलीत घ्या, पाणी सोडा, ढवळा, ओता. वरचे पाणी नितळ दिसेपर्यंत दहा-बारा वेळा तरी हे करावे लागेल. इथे कंटाळा केला तर टँक चार दिवस दुधाळ राहतो.

खडे एका दिवसात काढू नका. अमोनिया पचवणारे जीवाणू खड्यांवरही वसलेले असतात. आठवड्याला एक तृतीयांश भाग काढा, त्याच दिवशी ३० टक्के पाणी बदला आणि रिकाम्या जागी वाळू घाला. वाळू वरून न ओतता पाइपच्या तुकड्यातून थेट तळाशी सोडा. खड्यांखाली जाळीची पट्टी असलेला जुना अंडरग्रॅव्हल फिल्टर असेल तर तो काढावाच लागेल, कारण वाळू त्याच्या फटी बुजवते आणि पट्टीखाली प्राणवायू नसलेला चिखल तयार होतो. त्याऐवजी एक चांगला स्पंज फिल्टर लावा. तो आधी चार आठवडे जुन्या फिल्टरच्या जोडीला चालू ठेवा, म्हणजे त्यात जीवाणू वसतील. पट्टी आणि खडे त्यानंतर काढा. तोवर दर दोन दिवसांनी त्याच खड्यांतून सायफन फिरवत राहा.

वाळू घातली म्हणजे साफसफाई संपली असे नाही. घाण आता वर दिसते, इतकेच. सायफनचे तोंड वाळूपासून बोटभर वर धरून फिरवले की घाण उचलली जाते आणि वाळू खालीच राहते. पाणी बदलण्याआधी लाकडी काडीने थर हलका ढवळा. कुठे काळा पट्टा आणि कुजक्या अंड्याचा वास आढळला, तर तिथे थर फार जाड झाला आहे असे समजा.

निळे औषध, बहुधा मिथिलिन ब्ल्यू, बंद करा. ते बुरशीवर आणि अंड्यांवर उपयोगी आहे. सडक्या तळावर त्याचा इलाज नाही, उलट फिल्टरमधले उपयोगी जीवाणू त्याने मरतात. लाल डागाचा मासा सुस्त नसेल, खात असेल, तर दोन आठवडे एक दिवसाआड २० टक्के पाणी बदलणे एवढेच पुरते. डाग पसरू लागला, पर गळायला लागले किंवा खाणे सुटले, तर तो जीवाणूंचा संसर्ग रक्तात गेला आहे. मग मासा वेगळा करून पशुवैद्याच्या सल्ल्याने प्रतिजैविक द्यावे लागेल. मिशांचा बुंधा शाबूत असेल तर त्या काही आठवड्यांत पुन्हा वाढतात. बुंधाच गेला असेल तर येत नाहीत, पण असा मासाही खाणे शोधतो, फक्त त्याच्यासमोर नेमके टाकावे लागते.

आणि पाचांचे निदान सहा करा. सहावा त्याच जातीचा घ्या, नवा आणलेला आधी तीन आठवडे वेगळा ठेवा.

प्रश्न : कोरी अचानक सुसाट वर जातात, पाण्याबाहेर तोंड काढतात आणि तितक्याच वेगाने खाली येतात. गुदमरतात का? (ठाणे)

नाही. कोरी हवा गिळतो आणि आतड्याच्या मागच्या भागातून तिच्यातला प्राणवायू रक्तात घेतो. त्या भागाला रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. उथळ, संथ, गढूळ पाण्यात राहणाऱ्या माशाला हे वरदानच आहे. तासाभरात दोन-चार फेऱ्या म्हणजे सगळे ठीक. पाच मिनिटांत चार-पाच फेऱ्या, सोबत कल्ल्यांची भरभर उघडझाप, असे दिसले तर मात्र लगेच अमोनिया आणि नायट्राइट तपासा.

नायट्राइट वाढले असेल तर लगेच ३० ते ४० टक्के पाणी बदला आणि १० लीटरला १ ग्रॅम साधे जाडे मीठ विरघळवून घाला. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. एवढे मीठ कोरीला बाधत नाही. टँकचे झाकण आणि पाणी यांच्यात तीन-चार सें.मी. मोकळी जागा ठेवावी. काठोकाठ भरलेल्या, घट्ट झाकलेल्या टँकमध्ये या माशाची वरची वाटच बंद होते.

प्रश्न : कोरी तळाची घाण खातो, वेगळे खाणे लागत नाही असे सांगून दिला. आता पोट आत गेले आहे. (कोल्हापूर)

या एका वाक्याने जेवढे कोरी मेले असतील तेवढे कुठल्या रोगाने मेले नसतील. कोरी घाण खात नाही. विष्ठा तर त्याचे खाणेच नव्हे. निसर्गात तो वाळूतल्या अळ्या, किडे आणि बारीक जीव वेचतो. वरचे मासे फ्लेक्स फस्त करतात आणि खाली उरते ते कुजलेले. कोरीला स्वतःचे खाणे हवे, आणि ते बुडणारे हवे.

दिवा मालवल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी बुडणाऱ्या गोळ्या टाका. सहा कोरींना दोन-तीन वेफर किंवा दहा-बारा छोट्या गोळ्या पुरतात. एका जागी न टाकता दोन-तीन ठिकाणी टाका, नाहीतर धाकटे मागे राहतात. आठवड्यातून दोनदा गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या) द्या. जिवंत ट्युबिफेक्स किडा मात्र नको. तो नाल्यांतल्या चिखलातून गोळा होतो आणि सोबत रोग घेऊन येतो. द्यायचाच असेल तर वाळवलेली वडी चालेल. सकाळी गोळी शिल्लक दिसली तर उचलून टाका आणि दुसऱ्या दिवशी कमी द्या.

भरपूर खाऊनही पोट खपाटीला असेल, तर जंतांचा संशय घ्यावा. गुदद्वारातून लाल धाग्यासारखे काही लोंबत असेल तर तो कॅमॅलेनस. लेव्हामिसोल हे औषध जनावरांच्या औषधांच्या दुकानात मिळते. मात्रा लीटरला २ मिलिग्रॅम मूळ औषध, म्हणजे ४५ लीटरला ९० मिलिग्रॅम. पुडीत मूळ औषध किती टक्के आहे ते वाचून हिशेब करा, पुडीचे वजन धरू नका. उजेडाने औषधाचा जोर जातो, म्हणून दिवा बंद करून टँक कापडाने झाका. २४ तासांनी तळ सायफनने स्वच्छ करा आणि अर्धे पाणी बदला. जंत मरत नाहीत, लुळे होऊन बाहेर पडतात. ते तळावर राहिले तर मासे पुन्हा गिळतात. दोन ते तीन आठवड्यांनी हेच पुन्हा एकदा करावे लागते, कारण पोटातली पिल्ले पहिल्या फेरीत वाचलेली असतात.

गणपतीला किंवा दिवाळीला पाच-सहा दिवस गावी जाताना शेजाऱ्यांकडे डबा देऊ नका. धडधाकट कोरी आठवडाभर उपाशी सहज राहतो. शेजाऱ्यांच्या प्रेमाने टाकलेल्या मूठभर दाण्यांनी तो तीन दिवसांत मरू शकतो.

प्रश्न : उन्हाळ्यात टँकचे पाणी ३३ अंशांवर जाते. पेपर्ड कोरी ठेवले होते, मे महिन्यात एकेक करून गेले. चिलर परवडणार नाही. (नागपूर)

जात चुकली. पेपर्ड कोरी मूळचा अर्जेंटिना-उरुग्वेकडच्या नद्यांतला, तिथे थंडी कडक पडते. त्याला १८ ते २३ अंश मानवतात. पांडा कोरी पेरूमधल्या डोंगरउतारावरच्या प्रवाहांतला, तोही २५च्या पुढे त्रासतो. विदर्भात आणि खानदेशात स्टरबाय कोरी निवडा. पाठीवर-डोक्यावर पांढरे ठिपके, छातीचे पर नारिंगी. तो २४ ते २८ अंशांत खूश असतो आणि थोडे वर गेले तरी सोसतो. ब्राँझ या दोन टोकांच्या मधला.

उष्णता दोन बाजूंनी मारते. २० अंशांच्या पाण्यात लीटरला ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. त्याच वेळी माशाची भूक आणि श्वास दोन्ही वाढलेले असतात. म्हणून पाणी गार करण्याआधी पाणी हलवा. फिल्टरचा झोत पृष्ठभागाकडे वळवा, एक एअर स्टोन जादा लावा, खाणे निम्मे करा.

मग पंखा. झाकण काढून जाळी बसवा आणि छोटा टेबल फॅन पाण्यावर तिरका सोडा. नागपूरच्या कोरड्या हवेत पाणी ३-४ अंशांनी उतरते. मुंबई-कोकणात हवेतच दमटपणा असल्यामुळे एक-दोन अंशांवर समाधान मानावे लागते. पाणी रोज लीटर-दीड लीटर उडून जाते. उडते ते शुद्ध पाणी, क्षार मागे राहतात, म्हणून रोजची भर आरओच्या पाण्याची घाला. बर्फाची अर्ध्या लीटरची बाटली ४५ लीटर पाण्याला साधारण एकच अंश उतरवते आणि वितळली की तापमान पुन्हा चढते. वीज गेलेल्या दुपारी तेवढाच आधार, रोजचा उपाय म्हणून नको. वीज जाते तिथे बॅटरीवर चालणारा एअर पंप आणि स्पंज फिल्टर ही जोडी हवीच. बंद पडलेल्या डबाबंद फिल्टरमधले जीवाणू काही तासांतच गुदमरू लागतात आणि वीज आल्यावर ती सगळी घाण टँकमध्ये येते. असा फिल्टर बराच वेळ बंद राहिला असेल तर आधी टँकमधून काढलेल्या पाण्यात स्पंज धुवा, मग सुरू करा.

प्रश्न : आमच्याकडे बोअरचे पाणी, टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) ९००. कोरी टिकतील का? (लातूर)

तसेच्या तसे वापरले तर टिकणे अवघड. आज बाजारात मिळणारे ब्राँझ कोरी बहुतेक पैदास केंद्रांतले आहेत, ते ४०० टीडीएसपर्यंत नीट राहतात. एक भाग बोअर, दोन भाग आरओ असे मिसळले तर साधारण ३३० येतो. नुसते आरओ वापरू नका. त्यात आम्लता सावरून धरणारे क्षार उरत नाहीत आणि पीएच एका रात्रीत कोसळू शकतो.

बोअरच्या पाण्याचा पीएच अनेकदा ८च्या वर असतो आणि तिथे अमोनिया जास्त विषारी होतो. पीएच ७ वरून ८ वर गेला की विषारी अमोनियाचा वाटा सुमारे दहापट वाढतो. म्हणजे नगरपालिकेच्या पाण्यात जी चूक खपून गेली असती ती तुमच्याकडे खपणार नाही. शेतालगतच्या बोअरमध्ये खतांमुळे नायट्रेट आधीच भरपूर असू शकते, तेव्हा टँकबरोबर नळाखालचे पाणीही तपासा. ताजे उपसलेले पाणी बादलीत एअर स्टोन लावून २४ तास ठेवा आणि मग वापरा. मासे सध्या ९००मध्येच असतील तर नवे मिश्रण एकदम नको. आठवड्यातून दोनदा १५ टक्के, असे महिनाभर.

ज्यांच्याकडे नळाचे पाणी आहे त्यांच्यासाठी क्लोरीनचा सोपा हिशेब. सोडियम थायोसल्फेटचे (हायपो) १०० ग्रॅम खडे १ लीटर पाण्यात विरघळवून बाटलीत ठेवा. १० लीटर पाण्याला त्यातले १ मि.ली. पुरते. पावसाळ्यात पाण्याला ब्लीचिंगचा उग्र वास येत असेल तर २ मि.ली.

प्रश्न : अंगावर पांढरे ठिपके आले. मीठ टाकू, हीटर वाढवू की औषध? प्रत्येक जण वेगळे सांगतो. (नाशिक)

मिठाच्या दाण्याएवढे, मोजता येतील असे ठिपके असतील तर तो व्हाइट स्पॉट. हा परजीवी माशाच्या कातडीखाली वाढतो, पिकला की गळून तळावर पडतो, तिथे फुटतो आणि शेकडो पिल्ले नवा मासा शोधत निघतात. औषध लागू पडते ते या मोकळ्या पिल्लांनाच. ती जन्मतात तळाला, म्हणून पहिला घाव तळच्या माशांवर. उपाय कोणताही करा, रोज तळ सायफन करणे हा त्याचा निम्मा भाग आहे.

स्टरबाय किंवा ब्राँझ असेल तर दर बारा तासांना १ अंश या गतीने पाणी ३० अंशांपर्यंत न्या, जादा हवा सोडा आणि शेवटचा ठिपका गेल्यावरही दहा दिवस तसेच ठेवा. पेपर्ड आणि पांडाला ही उष्णता सोसत नाही, त्यांना औषधच द्यावे. मॅलाकाइट ग्रीन-फॉर्मेलिनचे तयार मिश्रण बाटलीवर लिहिलेल्या मात्रेच्या निम्मे, एक दिवसाआड, प्रत्येक वेळी आधी ३० टक्के पाणी बदलून. फिल्टरमधला कोळसा काढून ठेवा, नाहीतर तोच औषध शोषून घेतो. हातमोजे घाला. पहिले दोन तास टँकसमोरून हलू नका. मासे वर धापा टाकू लागले तर अर्धे पाणी बदलून टाका. उष्णता आणि फॉर्मेलिन एकत्र नको, दोन्ही प्राणवायू कमी करतात. निम्मी मात्रा अशासाठी की कोरीला खवले नसतात, कातडी आणि कल्ले औषध झटकन ओढून घेतात. तांबे असलेली औषधे याच कारणाने टाळा. मीठ लीटरला १ ग्रॅमच्या पुढे नेऊ नका. व्हाइट स्पॉट मारायला जेवढे मीठ लागते तेवढे कोरीला सोसवत नाही.

प्रश्न : पाच वर्षांपूर्वी बोटाएवढा आणलेला सकर आता फूटभर झाला. तलावात सोडला तर चालेल ना? (छत्रपती संभाजीनगर रस्ता, अहिल्यानगर)

कृपा करून सोडू नका. दुकानात 'सकर' म्हणून मिळणारा हा प्लेको दक्षिण अमेरिकेतला. तो ३० ते ४५ सें.मी. वाढतो. काठाच्या मातीत बिळे करून अंडी घालतो, त्यामुळे बांध ढासळतात. त्याचे काटे मच्छीमारांची जाळी फाडतात आणि एवढ्या कडक चिलखताच्या माशाला आपल्याकडे गिऱ्हाईक नाही. पूर्व कोलकात्याच्या पाणथळ जागांत आणि आंध्रच्या तळ्यांत तो असाच कुणाच्या तरी टँकमधून किंवा पैदास केंद्रातून पोहोचला आणि आज तिथल्या मासेमारांच्या जिवाला घोर लावून बसला आहे. एक मासा सोडला तर काय बिघडते, हा विचार आपल्यासारख्या हजार घरांत होतो.

दुकानदाराला परत द्या किंवा सहा फुटी टँक असलेल्या कुणाला द्या. काहीच जमले नाही तर पशुवैद्याकडून वेदनारहित मरण देणे हे तलावात सोडण्यापेक्षा जबाबदारीचे आहे. शेवाळ खाणारा हवा असेल तर पुढच्या वेळी ब्रिसलनोज घ्या. तो १२ ते १५ सें.मी.वर थांबतो. त्याला चघळायला लाकडाचा ओंडका लागतो, आणि आठवड्यातून दोनदा वाफवलेली काकडी किंवा गिलक्याची चकती. ती सकाळी काढून टाकायची.

असाच दुसरा फसवा मासा 'शार्क' नावाने विकला जाणारा पंगासियस. मेकाँग नदीतला हा मासा मीटरच्या पुढे वाढतो. हॉटेलात 'बासा' म्हणून ताटात येतो तो बहुतेक हाच. घरच्या टँकमध्ये तो घाबरून काचेवर आपटत राहतो. त्याला घेऊच नका.

प्रश्न : ऑस्करच्या टँकमध्ये तळ साफ ठेवायला कोरी चालेल का? (सांगली)

नाही. घाबरलेला कोरी पाठीचा आणि छातीचे काटे ताठ उभे करून कुलूप लावल्यासारखे अडकवतो. ऑस्करने गिळला तर तो घशात रुततो आणि दोघेही मरतात. गोल्डफिशबरोबरही जोडी जमत नाही, त्यांना लागणारे तापमान आणि त्यांची घाण दोन्ही कोरीला जाचक. निऑन, रासबोरा, गप्पी ही सोबत चांगली.

याच काट्यांमुळे कोरी जाळ्यात अडकतो. ओढून सोडवू नका, जाळे कात्रीने कापा. शक्यतो प्लास्टिकच्या मगमध्ये हाकलून पकडा. काट्यांच्या बुडाशी सौम्य विषाची ग्रंथी असते. पिशवीत दाटीने भरलेले घाबरे कोरी ते पाण्यात सोडतात आणि त्यातच मरतात. प्रवासात पाणी फेसाळ किंवा दुधाळ दिसले तर लगेच बदला. आणि गुलाबी, निळे, हिरवे कोरी दिसले तर ते निसर्गाचे रंग नाहीत. पांढऱ्या कोरींना रंग टोचलेला किंवा बुडवून चढवलेला असतो. ते विकत घेणे म्हणजे त्या छळाला पैसे देणे.

प्रश्न : जुन्या पुस्तकात ब्राँझ कोरी 'कोरीडोरास' गटात आहे, नव्या यादीत 'ऑस्टिओगास्टर' दिसते. दोन वेगळे मासे आहेत का? (डोंबिवली)

मासा तोच. २०२४ साली शास्त्रज्ञांनी या मोठ्या गटाची नव्याने विभागणी केली. ब्राँझ 'ऑस्टिओगास्टर'मध्ये गेला, पेपर्ड, पांडा आणि स्टरबाय 'हॉप्लिसोमा'मध्ये. दुकानात अजून सगळे कोरीच.

प्रश्न : पहिल्या पावसाच्या आठवड्यात काचेवर पांढरे दाणे चिकटलेले दिसले, सकाळी निम्मे नाहीसे. अंडी होती का? वाचवायची कशी? (रत्नागिरी)

अंडीच. पावसाळी नदीत थंड, नवे पाणी आले की कोरी अंडी घालतात, आणि तुमच्या टँकमध्येही तेच घडले. हवेचा दाब उतरला, पाणी गार झाले. मुद्दाम जमवायचे असेल तर एका मादीमागे दोन नर ठेवा. वरून पाहिले की मादी रुंद दिसते. दहा दिवस ब्लडवर्म द्या, मग ४० ते ५० टक्के पाणी टँकपेक्षा ३ अंश गार पाण्याने बदला. अनेकदा दुसऱ्या सकाळी मादी पोटाखालच्या परांच्या ओंजळीत अंडी धरून काचेवर चिकटवताना दिसते. एका वेळी शंभर-दोनशे अंडी होतात.

निम्मी नाहीशी झाली ती आईबापांनीच खाल्ली. म्हणून अंडी तासाभराने थोडी टणक झाली की बोटाने अलगद घरंगळवून काढा आणि ५ लीटरच्या डब्यात टाका. डब्यात त्याच टँकचे पाणी, एअर स्टोनचे मंद बुडबुडे आणि पाणी फिकट निळे होईल इतकेच मिथिलिन ब्ल्यू. ते नको असेल तर देशी बदामाचे वाळून गळलेले पान धुऊन टाका, अशा छोट्या डब्याला पाव पान पुरे. पांढरी फटक पडलेली अंडी रोज वेचून काढा, त्यांची बुरशी शेजारच्या अंड्यांवर चढते. २५ अंशांना तीन ते पाच दिवसांत पिल्ले निघतात. पहिले दोन दिवस ती पोटाखालच्या पिवळ्या पिशवीवर जगतात, तेव्हा काही देऊ नका. मग मायक्रोवर्म (सूक्ष्म जंत) किंवा नुकते फुटलेले आर्टेमिया (कोळंबीसारखे बारीक जीव), दिवसातून तीनदा, अगदी चिमूटभर.

पिल्ले मरतात ती साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, आणि कारण बहुतेक वेळा डब्याच्या तळावर बसलेला उरलेल्या खाण्याचा पातळ थर असतो. एअर पंपच्या बारीक नळीचा सायफन करून रोज तळ ओढा आणि काढले तेवढे, साधारण २० टक्के, त्याच तापमानाचे पाणी थेंबाथेंबाने भरा. बादलीत गेलेले पाणी ओतण्यापूर्वी उजेडात नीट बघा, दोन-चार पिल्ले हमखास त्यात गेलेली असतात.